गिअरबॉक्सचे तेल

हाताने गिअर टाकायच्या मोटारीत दोन वेगळी तेले असतात. इंजिनाचे तेल सर्वांच्या परिचयाचे. दर सर्व्हिसिंगला ते बदलले जाते, त्याची पातळी पाहायला दांडी असते, दाब कमी झाला तर डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. गिअरबॉक्सच्या तेलाच्या वाट्याला यातले काहीच येत नाही. बहुतेक गाड्यांत त्याला ना दांडी, ना दिवा, ना फिल्टर. दोन-सव्वादोन लिटर तेल ॲल्युमिनियमच्या बंद पेटीत वर्षानुवर्षे फिरत राहते आणि गाडी विकली जाईपर्यंत मालकाला त्याचा रंगही दिसत नाही. ते बदलणे इंजिनाचे तेल बदलण्याहून फारसे अवघड नाही. साधी हत्यारे, सपाट जागा आणि अर्धा दिवस एवढ्यावर काम होते. ते बिघडते दोन कारणांनी: तेलाची जात चुकली किंवा कामाचा क्रम चुकला.

येथे विचार केला आहे तो भारतात सर्वाधिक दिसणाऱ्या रचनेचा. इंजिन आडवे, जोर पुढच्या चाकांना, गिअर पाच. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ही रचना भारतीय रस्त्यांवर रुळवली. तिला गिअर चारच होते, पण मांडणी हीच. त्याआधीच्या ॲम्बॅसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. त्यांच्यात गिअरबॉक्स पुढे आणि डिफरन्शियल मागच्या एक्सलमध्ये, दोघांचे तेल वेगळे. आजच्या लहान गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत, एकाच तेलात नांदतात.

पेटीच्या आत

गिअरबॉक्सचे काम इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांची सांगड घालण्याचे. लहान गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण साडेतीन आणि डिफरन्शियलचे साधारण चार असते. म्हणजे पहिल्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा होईपर्यंत इंजिन चौदा फेरे घेते. पाचव्या गिअरमध्ये हाच आकडा तीन-सव्वातीनवर येतो.

आत दोन मुख्य शाफ्ट असतात. एक क्लचकडून येतो, दुसरा डिफरन्शियलला फिरवतो. त्यांच्यावरच्या दातेरी चाकांच्या जोड्या कायम एकमेकींत गुंतलेल्या असतात. फक्त प्रत्येक जोडीतले एक चाक आपल्या शाफ्टवर मोकळे फिरत असते. गिअर टाकणे म्हणजे त्या मोकळ्या चाकाला शाफ्टशी जखडणे. शाफ्टवर पुढे-मागे सरकणारी स्लीव्ह हे काम करते. चाक आणि शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरत असताना ती सरकवली तर दातावर दात आपटतो आणि करकर ऐकू येते. पूर्वी चालकाला क्लच दोनदा दाबून आणि मध्ये ॲक्सिलरेटर देऊन वेग जुळवावे लागत. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीने १९२८ मध्ये सिंक्रोमेश यंत्रणा आणली आणि ही कसरत हळूहळू इतिहासजमा झाली. या यंत्रणेत प्रत्येक गिअरशी एक निमुळते पितळी कडे असते. स्लीव्ह सरकू लागली की आधी ते कडे गिअरच्या शंकूवर दाबले जाते, घर्षणाने दोघांचे वेग जुळतात आणि मगच दात गुंततात.

तेलाची कसोटी लागते ती येथे. दातांना आणि बेअरिंगांना निसरडेपणा हवा असतो, पितळी कड्याला घर्षण हवे असते, आणि तेल मात्र एकच. कड्याच्या आतल्या अंगाला बारीक खाचा कोरलेल्या असतात. त्या तेलाचा थर कापून बाजूला सारतात आणि धातूला धातूची पकड मिळते. तेल गरजेपेक्षा घट्ट असले तर थर वेळेत कापला जात नाही. त्यातली रसायने फार निसरडी असली तर थर कापूनही पकड येत नाही. दोन्ही प्रकारांत गिअर पडताना अडतो किंवा करकरतो.

हे तेल सगळीकडे पोचवायला बहुतेक पेट्यांत पंप नसतो. डिफरन्शियलचे मोठे चाक तळाच्या तेलात काही अंशी बुडालेले असते. गाडी चालू लागली की ते चाक तेल वर भिरकावते. उडालेले तेल पेटीच्या भिंतींवर आणि आतल्या पन्हळींत पडते आणि ओघळत बेअरिंगांपर्यंत जाते. पातळी दोन बोटे खाली गेली की वरच्या आणि टोकाच्या भागांना तेल कमी पडते. अनेक पेट्यांत पाचवा गिअर अगदी टोकाला, स्वतंत्र झाकणाखाली असतो. पहिली झळ बहुधा त्यालाच बसते.

गिअरबॉक्समध्ये इंधन जळत नाही, त्यामुळे त्याचे तेल इंजिनाच्या तेलासारखे काजळीने काळे होत नाही. ते थकते ते वेगळ्या कारणांनी. दातांच्या प्रचंड दाबाखाली त्यातल्या घट्टपणा टिकवणाऱ्या लांब रेणूंचे तुकडे पडतात आणि तेल हळूहळू पातळ होते. झीज रोखणारी रसायने खर्च होतात. पेटीच्या वरच्या बाजूला असलेल्या श्वासनळीतून दमट हवा आत-बाहेर करते आणि ओलावा साचतो. दात, बेअरिंगे आणि पितळी कडी यांच्या झिजेचा भुगा तेलातच राहतो. तो अडवायला फिल्टर नाही, असलाच तर निचऱ्याच्या बुचाला किंवा पेटीच्या तळाला एक चुंबक असतो. लोखंडाचा भुगा तो धरून ठेवतो. पितळेपुढे त्याचे काही चालत नाही.

तेलाची जात

गिअर ऑइलच्या कॅनवर दोन खुणा पाहायच्या असतात. पहिली घट्टपणाची: ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० अशी. हे आकडे इंजिनाच्या तेलाच्या आकड्यांशी ताडून पाहू नयेत. दोन्ही मोजपट्ट्या अमेरिकेतल्या एसएई या संस्थेच्या असल्या तरी त्या वेगळ्या आहेत. १०० अंश सेल्सियसला १४ सेंटिस्टोक घट्टपणा असलेले तेल गिअरच्या पट्टीवर ९० ठरते आणि इंजिनाच्या पट्टीवर ४०. ‘नव्वद नंबर’ ऐकून ते वंगणासारखे घट्ट असेल असे वाटते, पण तापल्यावर ते इंजिनाच्या तेलाच्या आसपासच वाहते. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ७५डब्ल्यू तेलाची कसोटी उणे ४० अंशांना घेतली जाते, ८०डब्ल्यूची उणे २६ अंशांना. महाराष्ट्रात एवढी थंडी कोठेच पडत नाही, तरी डिसेंबरच्या पहाटे दुसरा गिअर हलका पडतो की जड, यात या आकड्याचा फरक जाणवतो.

जुन्या, आवाज करणाऱ्या गिअरबॉक्समध्ये घट्ट तेल ओतण्याचा रिवाज अजून आहे. घट्ट तेलाने बेअरिंगाचा आवाज काही काळ दबतो, झीज तशीच चालू राहते आणि सिंक्रोची कडी आणखी घासली जातात. गाडी विकण्यापुरता हा उपाय चालतो, म्हणूनच जुनी गाडी घेणाऱ्याने तेल बदलून मग आवाज ऐकावा.

दुसरी खूण एपीआय या अमेरिकेतल्याच संस्थेची: जीएल-४ किंवा जीएल-५. आकडा मोठा म्हणून जीएल-५ अधिक चांगले, हा समज दुकानातही भेटतो. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळ्या कामांची तेले आहेत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या एक्सलमध्ये हायपॉइड पद्धतीचे दात असतात. ते एकमेकांवर घसरत फिरतात आणि तेथे तेलाचा साधा थर टिकत नाही. त्यासाठी जीएल-५ मध्ये गंधक आणि स्फुरद यांची संयुगे भरपूर घातलेली असतात. दाब आणि उष्णता वाढली की ती पोलादाशी संयोग पावून दातांवर संरक्षक थर धरतात. बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा क्रिस्टा यांच्या मागच्या एक्सलला असे तेल लागते. पुढच्या चाकांच्या लहान गाडीत इंजिन आडवे असल्याने डिफरन्शियलचे दात साधे तिरपे असतात; त्यांना एवढ्या रसायनांची गरज नसते. उलट हे क्रियाशील गंधक उष्णतेत पितळी कड्यांना खाऊ शकते आणि तेलाचा निसरडेपणा कड्यांची पकड घालवतो. म्हणून अशा बहुतेक गाड्यांना जीएल-४ सांगितलेले असते.

या नियमाला अपवाद आहेत. काही उत्पादक गिअरबॉक्सलाही जीएल-५ सांगतात. त्यांच्या पेटीची बांधणी तशी असते. काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये ऑटोमॅटिकचे लाल, पातळ तेल चालते. होंडाच्या जुन्या गाड्यांत इंजिनाचे तेल वापरायची मुभा होती. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत तर गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच्याच तेलात बुडालेला होता. भारतातल्या बहुतेक मोटारसायकलींत आजही तेच आहे. बजाज चेतकसारख्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला मात्र गिअरचे तेल वेगळे भरावे लागे. सगळ्यांना लागू पडेल असे एक तेल नाही. शेवटचा शब्द गाडीच्या मालक-पुस्तिकेचा. तिच्यात तेलाची जात आणि माप दोन्ही छापलेले असते.

एएमटी गाड्यांबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. २०१४ मध्ये मारुती सेलेरिओपासून भारतात रुळलेल्या या गाड्यांत क्लचचे पेडल नसते, पण पेटी मॅन्युअलचीच असते. क्लच आणि गिअर हलवणारी यंत्रणा वर बसवलेली असते आणि ती हायड्रॉलिक असेल तर तिचे तेल वेगळे असते. पेटीचे तेल येथे सांगितल्याप्रमाणे बदलता येते. यंत्रणेच्या टाकीला हात लावू नये. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या ऑटोमॅटिक गाड्या सर्वस्वी वेगळ्या. त्यांना या लेखातले काहीही लागू नाही.

केव्हा बदलावे

उत्पादकांनी सांगितलेले अंतर ४० हजार किलोमीटरपासून एक लाखापर्यंत, काही ठिकाणी त्याहूनही पुढे जाते. काहींच्या मते हे तेल गाडीच्या आयुष्यभराचे. आयुष्य म्हणजे किती, हे मात्र कोणी सांगत नाही. पुस्तिकेत कठीण वापरासाठी वेगळा, लवकरचा आकडा दिलेला असतो आणि महाराष्ट्रातला बराचसा वापर त्यातच मोडतो. खंबाटकी, वरंधा, कसारा, आंबा अशा घाटांत भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढते आणि उतरतानाही इंजिनाचा ब्रेक गिअरबॉक्सवरच पडतो. मुंबई-पुण्याच्या वाहतुकीत पहिला-दुसरा-पहिला हा खेळ दिवसातून शेकडो वेळा होतो, आणि प्रत्येक वेळी सिंक्रोचे कडे थोडे घासते.

पाण्यात बुडालेली गाडी हा स्वतंत्र विषय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले; दोन्ही वेळा असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. गिअरबॉक्सला वरच्या बाजूला श्वासनळी असते. तापलेली पेटी थंड पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून किंवा सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. अशा गाडीचे तेल किलोमीटर न पाहता बदलावे, काही दिवस चालवून पुन्हा एकदा बदलावे. पाण्याने बेअरिंगांना चढणारा गंज नंतर कोणत्याही तेलाने जात नाही.

तेल बदलून काय सुधारेल आणि काय नाही, हे आधी ठरवलेले बरे. सकाळी जड जाणारा आणि गाडी तापल्यावर हलका होणारा गिअर नव्या, योग्य तेलाने बहुधा सुधारतो. गाडी उभी असताना कोणताच गिअर नीट पडत नसेल, रिव्हर्स टाकताना दर वेळी करकर होत असेल, तर संशय क्लचवर घ्यावा. तो पूर्ण सुटत नसतो. न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबल्यावर थांबत असेल तर ती क्लचकडून येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगाची. एका ठरावीक गिअरमध्येच येणारी सुई-सुई त्या गिअरच्या दातांची. गाडी चालताना गिअर आपोआप सुटत असेल तर पेटी उघडण्यावाचून इलाज नाही.

तयारी

आधी तेल आणावे. पुस्तिकेतल्या मापापेक्षा अर्धा लिटर जास्त घ्यावे, कारण भरताना थोडे सांडतेच. कॅनचे सील पाहून, बिल घेऊन, ओळखीच्या दुकानातून घेणे चांगले; पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत कंपनीचे तेल आणि बुचाचे वॉशर एकाच फेरीत मिळतात. वॉशर तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा असतो आणि दाबला जाऊन फट बुजवतो. एकदा दाबलेला वॉशर पुन्हा तसा बसत नाही, म्हणून तो दर वेळी नवा घालायचा.

बुचाला कोणते हत्यार लागते ते गाडीखाली वाकून आधीच पाहून ठेवावे. कोठे षटकोनी डोक्याला रिंग पाना, कोठे आतून षटकोनी खाचेला ॲलन की, कोठे चौकोनी खाच. मापाचे हत्यार नसेल तर काम सुरू करू नये. पकडीने किंवा उघड्या तोंडाच्या पान्याने जोर लावला की बुचाचे कोन झिजतात आणि मग ते कशालाच दाद देत नाही. याखेरीज टॉर्क पाना, तीन-चार लिटरचा पसरट ट्रे, नरसाळे, मीटर-दीड मीटर प्लॅस्टिकची नळी, हातमोजे, चष्मा, रॉकेल किंवा ब्रेक क्लीनर आणि भरपूर चिंध्या लागतात.

गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी. कोमट तेल पातळ होऊन पूर्ण उतरते आणि खाली बसलेला भुगा त्याच्यात मिसळून बाहेर पडतो. लांबचा प्रवास करून आल्या आल्या मात्र बूच उघडू नये. तेल भाजेल इतके तापलेले असते आणि शेजारून जाणारा सायलेन्सरचा पाइप त्याहून जास्त.

गाडीखाली जाण्याचा नियम एकच आहे आणि त्याला सूट नाही: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग न्यायचा नाही. गाडीबरोबर आलेला जॅक चाक बदलण्यापुरता असतो. गाडी उचलून, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी जॅक स्टँड लावून, तिचे वजन स्टँडवर उतरवावे आणि बाजूने हलवून पाहावे. जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड प्लायवूडचा तुकडा ठेवावा, नाहीतर एखादा ब्लॉक खचून स्टँड कलतो. विटा, दगड, चाकाची डिस्क यांचा आधार घेऊ नये. शिवाय तेल भरताना गाडी चारही बाजूंनी सारख्या पातळीत लागते, कारण तेलाचे माप वरच्या बुचाच्या भोकाने ठरते. फक्त पुढून उचललेल्या गाडीत ते माप चुकते. चार स्टँड नसतील तर ओळखीच्या गॅरेजमधला पिट तासभर मागून घेणे सर्वांत सोयीचे.

आधी वरचे बूच

गाडीखाली गेल्यावर पहिले काम गिअरबॉक्स ओळखण्याचे. हे विधान हास्यास्पद वाटेल, पण गिअरबॉक्सचे म्हणून इंजिनाचे तेल काढून टाकणे ही या कामातली नेहमीची चूक आहे. पुढचा अनर्थ असा की मग आधीच भरलेल्या गिअरबॉक्समध्ये आणखी तेल ओतले जाते आणि इंजिन कोरडे राहते. इंजिनाचा चेंबर बहुधा पत्र्याचा, काळा, खोलगट भांड्याच्या आकाराचा असतो आणि जवळच त्याचा फिल्टर दिसतो. गिअरबॉक्स ॲल्युमिनियमचा ओतीव, उभ्या-आडव्या कण्यांचा. खात्रीची खूण म्हणजे चाकांकडे जाणारे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट त्यातून निघतात.

पेटीला दोन बुचे असतात. तळाशी असलेले निचऱ्याचे. कुशीत, ड्राइव्ह शाफ्टच्या उंचीच्या आसपास असलेले तेल भरण्याचे आणि पातळीचे. आधी वरचे उघडायचे. खालचे नाही. वर्षानुवर्षे न उघडलेले वरचे बूच कधी कधी इतके घट्ट धरलेले असते की हलत नाही किंवा त्याची खाच झिजते. तेल पेटीत असेपर्यंत हे कळले तर काही बिघडत नाही. गाडी खाली उतरवून गॅरेजला नेता येते. खालचे बूच आधी उघडून तेल सांडून टाकले असेल तर गाडी तेथेच खिळते.

घट्ट बुचाभोवती तारेच्या ब्रशने माती काढावी, गंजतेल फवारून तासभर थांबावे, हत्यार खाचेत पूर्ण बसवावे आणि लांब दांड्याने एकदाच ठाम झटका द्यावा. वरचे बूच सैल झाले की ट्रे सरकवून खालचे उघडावे. शेवटचे आटे हाताने फिरवताना बूच आत दाबून धरावे आणि सुटताच एका बाजूला काढून घ्यावे, म्हणजे तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत नाही. गंधकाचा उग्र वास येईल. तो या तेलाचा स्वाभाविक वास आहे. धार बारीक होऊन थेंब पडू लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत.

निघालेल्या तेलाचे निदान

या वेळात बूच हातात घेऊन पाहावे. चुंबकावर करड्या रंगाचा, लोण्यासारखा मऊ लेप असेल तर ती नेहमीची झीज. बोटांत चोळल्यावर तो गुळगुळीत लागतो. कण टोचत असतील, सुईसारखे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला, तर आत काहीतरी तुटले आहे आणि नव्या तेलाने ते जुळणार नाही. तेलाचा थोडा भाग पांढऱ्या कागदावर घेऊन उन्हात धरावा. सोनेरी चमक दिसली तर ती पितळी कड्यांची. थोडी चमक लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत चालते. भरपूर असेल तर तेलाची जात चुकलेली असू शकते किंवा कडी संपत आली आहेत. दुधाळ, चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरले आहे.

निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजावे. पुस्तिकेतल्या मापापेक्षा बरेच कमी भरले तर ते कोठून तरी पाझरते आहे. ड्राइव्ह शाफ्ट पेटीतून निघतात त्या जागचे ऑइल सील आधी तपासावे. भोवती ओलसर, धूळ चिकटलेले कडे दिसले तर दोष तेथे. अशा गाडीत सील न बदलता तेल भरणे म्हणजे पुन्हा तेच काम ओढवून घेणे.

भरणे

खालचे बूच रॉकेलने धुऊन, चुंबक पुसून, नवा वॉशर घालून आधी हाताने बसवावे. तीन-चार आटे हाताने सहज फिरले पाहिजेत. अडत असेल तर ते तिरके धरले आहे. मग टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापापर्यंत आवळावे. ३० न्यूटन-मीटर असे लिहिले असेल तर ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण १० किलोचा जोर, एवढाच त्याचा अर्थ. बूच पोलादाचे आणि पेटी ॲल्युमिनियमची. जादा आवळले की पेटीचे आटे जातात आणि दुरुस्तीचा खर्च तेलाच्या कित्येक पट होतो. काही बुचे निमुळत्या आट्यांची असतात. त्यांना वॉशर नसतो, आट्यांना सीलंट लावावे लागते.

तेल भरायची जागा बहुधा अडचणीची असते. बॉनेट उघडून वरून नळी खाली सोडावी, तिचे एक टोक वरच्या बुचाच्या भोकात, दुसऱ्या टोकाला नरसाळे. तेल सावकाश उतरते. कॅन थोडा वेळ उन्हात किंवा गरम पाण्याच्या बादलीत ठेवला तर वेग वाढतो. वरून वाट नसेल तर खालून हातपंपाने किंवा मोठ्या पिचकारीने भरता येते. भोकातून तेल बाहेर येऊ लागले की थांबावे, जास्तीचे वाहून जाऊ द्यावे आणि धार थांबून थेंब पडू लागले की बूच बसवावे. करंगळीचे पेर आत घालून पाहिले तर तेल भोकाच्या खालच्या काठाला लागले पाहिजे. भरलेले माप पुस्तिकेतल्या आकड्याशी जुळते का, हेही ताडून पाहावे. थोडे जुने तेल खाचाखोचांत राहतेच, त्यामुळे शे-दोनशे मिलिलिटरचा फरक चालतो.

काही पेट्यांना पातळीचे भोकच नसते. त्यांच्यात वरून, स्पीडोमीटरच्या सेन्सरच्या किंवा रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या जागेतून मोजून तेल घालावे लागते. तेथे मापाला पर्याय नाही.

‘थोडे जास्त असलेले बरे’ हा हिशेब येथे लागू पडत नाही. पातळी वर गेली की फिरणारी चाके तेल घुसळतात, फेस येतो, फेसाळ तेल दातांवर थर धरत नाही आणि तापमान वाढते. वाढलेल्या दाबाने सीलमधून गळती सुरू होते. क्लचच्या बाजूचे सील गळले तर तेल क्लच प्लेटवर जाते आणि मग प्लेट बदलण्यासाठी अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

चाचणी आणि नोंद

दोन्ही बुचे आवळून, भोवतालची जागा ब्रेक क्लीनरने कोरडी करून, गाडी स्टँडवरून उतरवावी. दोन-चार किलोमीटर चालवून प्रत्येक गिअर टाकून पाहावा. परतल्यावर गिअरबॉक्सखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवून गाडी रात्रभर उभी करावी. सकाळी पुठ्ठा कोरडा असेल तर काम फत्ते. डाग असेल तर तो कोणत्या बुचाखाली आहे ते पुठ्ठाच सांगतो. गिअरमधला फरक कधी लगेच जाणवतो, कधी शे-दोनशे किलोमीटरनंतर. काहीच फरक पडला नाही तर तेल वाया गेले असे समजू नये. जे सुस्थितीत होते ते तसेच राहिले, एवढाच त्याचा अर्थ.

उरते ते जुने तेल. गावाकडे जळके ऑइल लाकडाच्या खांबांना वाळवीसाठी फासण्याची, सेंटरिंगच्या फळ्यांना लावण्याची पद्धत अजून आहे. त्या तेलात धातूंचा भुगा आणि रसायने असतात. ती पावसाबरोबर मातीत आणि विहिरीत उतरतात. २०१६ च्या केंद्रीय नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. २०२३ मध्ये त्या नियमांत दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करण्याची जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवर आणि आयातदारांवर आली. घरी तेल बदलणाऱ्याने एवढेच करायचे: जुने तेल रिकाम्या कॅनमध्ये भरून, त्यात रॉकेल किंवा पाणी न मिसळता, जवळच्या मोठ्या गॅरेजला नेऊन द्यायचे. त्यांच्याकडून ते अधिकृत शुद्धीकरण केंद्रांकडे जाऊ शकते. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ते ओतू नये.

तारीख, किलोमीटर, तेलाची जात आणि भरलेले माप सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवावे. तेलाचे बिलही तेथेच टाचावे. गाडी वॉरंटीत असेल तर हे काम अधिकृत केंद्रातच करून घ्यावे, पुढे वाद राहत नाही. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकापुढे प्रश्न उरतो तो साधनांचा. सपाट जागा, मजबूत स्टँड आणि बुचाच्या मापाचे हत्यार यांतले एकही कमी असेल तर त्याने हे काम घरी करू नये. तिन्ही असतील तर त्यासाठी गॅरेजची गरज नाही.